लाईट येते आणि लिंक बसते: एकाच पाईपवरच्या रेडिओंची कटकट

दुखणं असं होतं. संध्याकाळी साडेसात वाजले की बेळगावहून गावाकडं रेडिओनं नेट आणणारी आमची लिंक बसायची. तुटायची नाही. रेडिओच्या पानावर सिग्नल रोजच्याइतकाच, उणे ६७ (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल तगडा). पण पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, चार मिलिसेकंदांवरून चारशेवर जायचा, मध्येच चार-पाच पॅकेट हरवायची, आणि रात्री साडेदहाच्या पुढं सगळं आपोआप जागेवर यायचं. आम्ही काहीतरी करायचो, आठ-पंधरा दिवस बरं चालायचं आणि पुन्हा एके संध्याकाळी फोन सुरू: "अण्णा, काल बरं होतं की. आज परत बसलंय बघा."

जुलैपासून दिवाळीपर्यंत हे चाललं. ऐन संध्याकाळी, दहावी-बारावीची पोरं क्लासचे व्हिडिओ लावून बसतात तेव्हाच. कारण सापडायला चार महिने गेले, आणि सापडल्यावर कळलं की ते एका दुपारी सापडण्यासारखं होतं. तुमच्या खांबावर एकापेक्षा जास्त रेडिओ असतील आणि दुरुस्त केलेलं दुखणं पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर रेडिओ बदलायच्या आधी हे वाचा. आम्ही दोन बदलले. दोन्ही चांगले होते.

मांडणी सांगतो. गाव बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदी-बिजगर्णीच्या बाजूला. चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र, तिथनं हाकेच्या अंतरावर. तांबडी माती, पावसाळ्यात भात आणि रताळी, बांधाबांधावर काजू. फायबर मोठ्या रस्त्यापाशी थांबलेला, आत गावात रेडिओशिवाय इलाज नाही. एका घराच्या स्लॅबवर साडेचार मीटरचा जीआय पाईप उभा केलाय. टोकाला बेळगावकडं तोंड केलेली डिश, ती ११ किलोमीटरवरून नेट आणते. तिच्या खाली दीड हातावर दोन सेक्टर अँटेना, म्हणजे एका बाजूच्या सगळ्या घरांना नेट वाटणारे: एक गावठाणाकडं, दुसरा वाडीकडं. चाळीसेक घरं या दोन सेक्टरवर. तिन्ही रेडिओ ५ गिगाहर्ट्झचे, तिघांचंही चॅनल 'ऑटो'वर. बसवताना हे 'ऑटो' आम्हाला सोयीचं वाटलं होतं.

चार महिने कुठं गेले तेही सांगतो, कारण बहुतेक जण याच वाटांनी जातात.

पहिला संशय पावसावर. जुलैत आमच्याकडं पाऊस थांबत नाही, तेव्हा संशय स्वाभाविक. पण ५ गिगाहर्ट्झला ११ किलोमीटरवर पावसानं फार तर एखाद-दुसरा डीबी जातो (डीबी म्हणजे घट-वाढीचं माप; दर १० डीबीला शक्ती दहा पट). पावसाचा खरा मार १० गिगाहर्ट्झच्या वर सुरू होतो. शिवाय दोष पावसाचा असता तर सिग्नल पडला असता. सिग्नल जागचा हलत नव्हता. ओली झाडं मात्र आडवी आली तर खरंच खातात, म्हणून वाटेतल्या काजूच्या दोन फांद्या मालकांना विचारून तोडल्या. सिग्नल एका डीबीनं वाढला, दुखणं तसंच राहिलं.

मग केबल. हे तपासणं योग्यच होतं आणि तुम्हीही आधी तेच तपासा: पीओईपासून (केबलमधूनच रेडिओला वीज देणारा डबा) रेडिओपर्यंतची केबल, दोन्ही कनेक्टर, पोर्टवरचे एरर. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की अगदी अशीच लक्षणं दिसतात. फरक इतकाच की पाणी घड्याळ बघून येत नाही.

मग मोबाईल टॉवर. आमच्याकडं एका बांधावर फोन कर्नाटकचा टॉवर पकडतो, पुढच्या बांधावर महाराष्ट्राचा. त्यामुळं दोन राज्यांचे टॉवर भांडतात आणि मधे आपलं नेट मरतं, असं गावात बऱ्याच जणांना वाटायचं. त्यात फाईव्ह-जी आलं, आणि नावातला पाचचा आकडा बघून लोकांची खात्रीच झाली. तो पाच म्हणजे पाचवी पिढी. आपल्याकडं फाईव्ह-जीचा मुख्य पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ आहे, आमचे रेडिओ ५१५० च्या पुढचे. त्याचा इथं काही संबंध नाही. हे मी कट्ट्यावर बसून चारचौघांना कागदावर आकडे मांडून समजावलं.

शेवटचा संशय लोडवर. संध्याकाळी सगळे नेट वापरतात, लिंक अपुरी पडते, मोठी लिंक घ्या. हे इतकं पटण्यासारखं होतं की आम्ही महिनाभर इथंच अडकलो. चॅनल २० चा ४० मेगाहर्ट्झ केला, आणि त्या दिवसापासून दुखणं वाढलं. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

खरा धागा ऑक्टोबरमध्ये हाती लागला. संध्याकाळी आठला स्लॅबवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, स्पीड टेस्ट लावली. डाउनलोड ३ एमबीपीएस, अपलोड २८. आधी वाटलं उलटं वाचतोय. पुन्हा लावली, तेच.

यावर जरा थांबून विचार करा. शहराकडून गावाकडं येणारं खराब, गावाकडून शहराकडं जाणारं चांगलं. हवा तीच, अंतर तेच, डिश त्याच. फरक एकच: डाउनलोडमध्ये ऐकणारा रेडिओ आमच्या पाईपवरचा असतो, अपलोडमध्ये ऐकणारा शहरातल्या गच्चीवरचा. म्हणजे बोलण्यात खोट नव्हती, ऐकण्यात होती, आणि तीही फक्त आमच्या टोकाला. लिंक अपुरी पडली असती तर दोन्ही बाजू हळू झाल्या असत्या. अशी एकतर्फी लिंक दिसली की समजा, ऐकणाऱ्याच्या कानाशी कोणीतरी ओरडतंय.

आमच्या कानाशी कोण होतं? दीड हातावरचे आमचेच दोन सेक्टर. आणि ते संध्याकाळीच का ओरडायचे? कारण संध्याकाळी चाळीस घरं व्हिडिओ मागतात, सेक्टर सतत बोलत राहतो. दुपारी तो बराचसा गप्प असतो. घड्याळाचं कोडं इथं सुटलं.

तरी खात्री करून घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, गाव जेवून आडवं झालेलं असताना, आम्ही संध्याकाळ तयार केली. माझा भाचा वाडीतल्या एका घरी लॅपटॉप घेऊन बसला. मी पाईपखालच्या स्विचला दुसरा लॅपटॉप लावला, आणि दोघांमध्ये सेक्टरवरून पूर्ण ताकदीनं डेटा वाहायला लावला. हा डेटा बेळगावच्या लिंकवरून जातच नव्हता, पाईपपासून वाडीपर्यंतच. म्हणजे लिंकवर लोड शून्य. दुसऱ्या खिडकीत बेळगावचा पिंग चालू. चार, चार, पाच, चार. भाच्याला फोनवर म्हटलं, "सोड." पिंग १८०, २६०, गायब, ४१०. "थांबव." चार, चार, चार. तीनदा केलं, तीनदा तेच. वाडीचा सेक्टर जास्त त्रास देत होता, गावठाणाचा कमी.

तुम्हाला एकच चाचणी करायला वेळ असेल तर हीच करा. संशयित रेडिओला खोटा लोड द्या, शेजारच्या लिंकवर लोड ठेवू नका, आणि पिंग बघा. नुसता रेडिओ बंद-चालू करूनही कळतं, पण बंद केला की ग्राहकांचा लोडही जातो, आणि मग लोड कमी झाल्यानं बरं वाटलं की गोंगाट थांबल्यानं, हे सांगता येत नाही. आम्ही सप्टेंबरमध्ये तसंच केलं होतं आणि चुकीचा निष्कर्ष काढला होता.

आता आकडे. आकड्यांशिवाय हे पटत नाही. मला पटलं नव्हतं.

शहरातला रेडिओ ११ डीबीएमनं बोलतो (डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती). डिश २५ डीबीआयची आहे, म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटून २५ डीबी वाढवते; मोठ्या डिशला पॉवर खाली ठेवावी लागते. दोन्ही मिळून ३६. अकरा किलोमीटर हवेतून येताना ५.८ गिगाहर्ट्झला साधारण १२८ डीबी घट होते. आमच्या डिशचे २५ मिळवले की उणे ६७. रेडिओ दाखवतो तोच आकडा. ही शक्ती म्हणजे एका मिलिवॅटचा पन्नास लाखावा भाग. एवढ्याशा कुजबुजीतून चांगला रेडिओ सगळा डेटा काढतो, कारण २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर त्याच्या स्वतःच्या नॉईजची पातळी उणे ९५ च्या आसपास असते. मधलं अंतर २८ डीबी. तेवढ्यात वरची मॉड्युलेशन, म्हणजे जास्त वेगानं डेटा भरायच्या पद्धती, चालतात.

आता शेजारी. सेक्टर २० डीबीएमनं, म्हणजे १०० मिलिवॅटनं बोलतो. त्याचं तोंड डिशकडं नाही आणि डिशचं त्याच्याकडं नाही, म्हणून दोघांमध्ये ५५ ते ६० डीबी घट धरा. तरी डिशच्या पोटात त्याचा आवाज उणे ३७ च्या घरात पोचतो. ज्याचं ऐकायचंय त्याच्यापेक्षा ३० डीबी जास्त, म्हणजे हजार पट. पारायणाच्या मंडपात भोंग्याच्या खाली बसून फोनवर पलीकडची कुजबुज ऐकायची, तशातली गत.

"पण चॅनल वेगळे आहेत ना?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मीही विचारला होता. चॅनल वेगळा म्हणजे मधे भिंत नसते, उतार असतो. ५ गिगाहर्ट्झ वाय-फायचा जो मूळ दंडक आहे, ८०२.११ए, त्यात २० मेगाहर्ट्झच्या चॅनलच्या मध्यापासून २० मेगाहर्ट्झ सरकल्यावर बाजूला सांडणारी शक्ती २८ डीबीनं खाली असावी लागते आणि ३० मेगाहर्ट्झवर ४० डीबीनं. दूर कुठं असलेल्या शेजाऱ्यासाठी एवढं पुष्कळ झालं. दीड हातावरच्या शेजाऱ्यासाठी हिशेब करा: उणे ३७ मधून आणखी २८ खाली, उणे ६५. म्हणजे लगतच्या चॅनलवर बसलेल्या सेक्टरचं नुसतं सांडलेलंच आमच्या उणे ६७ च्या सिग्नलपेक्षा मोठं! एक चॅनल सोडून बसला तर उणे ७७, मधलं अंतर फक्त १० डीबी; लिंक दिसेल पण लंगडेल. आमची लंगडत होती ती अशी. चांगले रेडिओ दंडकापेक्षा स्वच्छ असतात, त्यामुळं प्रत्यक्षात थोडं बरं दिसेल, पण चित्र हेच. आणि ४० मेगाहर्ट्झचा चॅनल केला की पसारा दुप्पट, उतारही त्याच मापात लांब. मोठी लिंक करायच्या नादात आम्ही भोंगा आणखी जवळ ओढला होता.

इतकं कळल्यावर चॅनल बदलायला पाच मिनिटं लागली. पिंग चारवर आला, भर संध्याकाळी. आम्ही खाली उतरून चहा प्यालो. आणि नवव्या दिवशी पुन्हा फोन.

दुखणं परतण्याचं कारण

फोन करणाऱ्या मावशींनीच नकळत उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "दुपारी लाईट गेलेली की, आल्यापास्नं असंच आहे."

आमच्या जुन्या वहीत तक्रारींच्या तारखा होत्या. ज्या घरात पाईप आहे त्या मालकांना विचारून लाईट गेल्याच्या तारखा जमेल तेवढ्या जुळवल्या. जवळजवळ प्रत्येक वेळी आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी लाईट जाऊन आलेली, तीही बॅटरी उतरेपर्यंत गेलेली. म्हणजे रेडिओ पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू झालेले.

'ऑटो' चॅनलवरचा रेडिओ सुरू होताना आधी कान देऊन ऐकतो, कुठं शांत आहे ते बघतो आणि तिथं जाऊन बसतो. एकटा असेल तर हे ठीक. पण लाईट आल्यावर पाईपवरचे दोन्ही सेक्टर एकाच क्षणी जागे होतात. दोघं एकाच वेळी ऐकतात, दोघंही तेव्हा गप्प असतात, आणि दोघांनाही एकच जागा शांत वाटते. मग दोघं तिथंच किंवा तिला लागून बसतात.

याहून मोठी गोम डिशची. आमची डिश त्या लिंकमधला ग्राहक आहे. ती चॅनल निवडत नाही, शहरातल्या गच्चीवरचा रेडिओ निवडेल तिथं मुकाट जाते. आणि तो रेडिओ शहरातला गोंगाट ऐकून निवडतो. आमच्या पाईपवर डिशच्या शेजारी काय चाललंय ते त्याला ११ किलोमीटरवरून ऐकूच येत नाही. त्याच्या दृष्टीनं त्यानं उत्तम जागा निवडलेली असते; नेमकी तीच आमच्या सेक्टरच्या पुढ्यात. म्हणून आम्ही काहीही केलं की आठ-पंधरा दिवस बरं वाटायचं: रेडिओ बदलताना, फांद्या तोडताना, प्रत्येक वेळी रेडिओ बंद-चालू व्हायचे आणि नशिबानं चांगली जागा मिळायची. पुढच्या लाईटीला पुन्हा सोडत.

त्यामुळं पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं काम: एका पाईपवर दुसरा रेडिओ आला की 'ऑटो' कायमचं बंद. दोन्ही टोकांना, सगळ्या रेडिओंवर, चॅनल हातानं ठरवा. ठरवताना गोंगाट प्रत्येक ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन मोजा, आणि शेजारचे रेडिओ लोडखाली असताना मोजा. शांत दुपारी केलेलं स्कॅन तुम्हाला शांत दुपारच दाखवतं. एक सूचना: बरेच रेडिओ स्कॅन करताना लिंक सोडून देतात. दूर बसून त्याच लिंकवरून स्कॅन लावलं तर स्वतःच्याच पायाखालची फांदी तोडाल. स्लॅबवर जाऊन करा.

जागा आपल्याकडं भरपूर आहे. २०१८ च्या ऑक्टोबरपासून ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे आपल्या देशात परवान्याशिवाय वापरायला मोकळे झाले. आम्ही बेळगावची लिंक खाली ३६ नंबरच्या चॅनलवर, ५१८० मेगाहर्ट्झला नेली आणि दोन्ही सेक्टर वरच्या पट्ट्यात ठेवले, १४९ आणि १६१ वर. डिश आणि सेक्टर यांच्यात साडेपाचशे मेगाहर्ट्झहून जास्त अंतर पडलं. सेक्टर-सेक्टरमध्ये ६० मेगाहर्ट्झ, आणि त्यांचे ग्राहक जवळचे, सिग्नल तगडे, त्यामुळं त्यांना तेवढं पुरतं. सगळे चॅनल २० मेगाहर्ट्झचे. रेडिओत देश भारतच निवडा. पॉवर जास्त मिळते म्हणून दुसरा देश निवडायची सवय काही पोरांना आहे, ती मोडा. त्यांनी वाढवलेली पॉवर दुसऱ्या कुणाच्या तरी कानात जाते.

मधल्या पट्ट्यातल्या, ५२ ते १४४ नंबरच्या चॅनलांबद्दल एक इशारा. तिथं रडारला मान द्यावा लागतो. रेडिओ बोलायच्या आधी किमान ६० सेकंद ऐकतो, आणि रडारसारखा ठोका ऐकू आला तर चॅनल सोडून अर्धा तास तिकडं फिरकत नाही. शेजारच्या रेडिओचा कलकलाटही कधीकधी रडारसारखा भासतो. मग तुम्ही हातानं ठरवलेला चॅनल रेडिओ स्वतःहून सोडतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर. एका पाईपवर गर्दी असेल तर मी त्या पट्ट्यापासून लांब राहतो.

पॉवर, अंतर आणि पत्रा

दुसरं काम पॉवर कमी करणं. हे सांगितलं की लोकांना धक्का बसतो, कारण सगळ्यांना वाटतं वाढवल्यानं बरं होतं. वाडीतलं सर्वांत लांबचं घर सव्वा किलोमीटरवर. २० डीबीएमला तिथं उणे ५७ सिग्नल होता, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. सेक्टर १३ डीबीएमवर आणला, म्हणजे १०० मिलिवॅटचे २० केले. त्या घराला उणे ६४ मिळतो, व्हिडिओ तसाच चालतो, आणि डिशच्या कानातला गोंगाट फुकटात ७ डीबीनं उतरला.

तिसरं अंतर. दोन अँटेनांमधलं अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डीबी मिळतात. आडवं लांब नेण्यापेक्षा एकाच पाईपवर खाली-वर ठेवणं जास्त फायद्याचं, कारण सेक्टर आपला जोर समोर आडवा फेकतात, डोक्यावर आणि पायाखाली त्यांचा आवाज कमी असतो. डिश टोकाला तशीच ठेवून आम्ही सेक्टर दोन मीटर खाली घेतले.

पत्र्याची आमची चूक मात्र नीट सांगायला हवी. डिश आणि सेक्टरच्या मधे आडोसा म्हणून आम्ही दोन फूट रुंद जीआय पत्रा क्लॅम्पवर बसवला होता. गोंगाट उतरला, हे खरं. पण आमच्याकडं पावसाळ्यात पश्चिमेचं वारं कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. तिसऱ्या रात्री पत्र्यानं वारं धरलं, क्लॅम्पसकट पाईप दोन बोटं फिरला. सकाळी बघितलं तर पाईपवर जिथं क्लॅम्प घट्ट बसला होता तिथं झिंक घासून चकचकीत अर्धगोल रेघ उमटलेली. डिशला दोन बोटं म्हणजे सिग्नल उणे ६७ वरून उणे ७९. आता पत्र्याऐवजी स्टीलची बारीक जाळी आहे. ५.८ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वापाच सेंटिमीटरच्या आसपास असते. भोकं तिच्या दहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान असली की रेडिओला ती पत्र्यासारखीच, आणि वारं बरंचसं आरपार. पण चॅनल आणि पॉवर जागेवर आणल्याशिवाय जाळीच्या नादी लागू नका.

रेडिओ आणखी वाढले, एका पाईपवर चार-सहा झाले, तर चॅनल पुरत नाहीत. तिथं जीपीएसनं घड्याळं जुळवणारे रेडिओ येतात: सगळे एकाच वेळी बोलतात, एकाच वेळी ऐकतात, त्यामुळं कुणी ऐकत असताना शेजारी ओरडत नाही. महाग आहेत आणि सहसा सगळे एकाच घराण्यातले लागतात. तीन रेडिओंसाठी गरज नाही.

मंडपातल्या माईकचंही हेच

हे सगळं सुटल्यावर पारायणात माईकची कटकट निघाली आणि मंडळींनी मलाच बोलावलं. बिनतारी माईक दोन असेपर्यंत उत्तम. तिसरा चालू केला की त्यात घरघर, मध्येच दुसऱ्याचा आवाज. तिसरा माईक बदलून आणला, तरी तेच.

इथंही माईक चांगलाच होता. दोन ट्रान्समीटर जवळ आले की एकाची लहर दुसऱ्याच्या आत शिरते आणि दोघांच्या मिश्रणातून नवी, कुणीही न लावलेली फ्रिक्वेन्सी जन्मते. समजा एक माईक ६६० मेगाहर्ट्झवर, दुसरा ६६१ वर. पहिल्याची दुप्पट वजा दुसरा, ६५९. दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला, ६६२. आता तिसरा माईक शहाणपणानं ६६२ वर लावलात तर तो बरोबर त्या भुताच्या जागेवर बसतो. सारख्या अंतरानं लावलेले माईक दिसायला नीटनेटके, पण तेच सगळ्यांत वाईट. अंतर मुद्दाम असमान ठेवा: पहिल्या-दुसऱ्यात एक, दुसऱ्या-तिसऱ्यात दीड-पावणेदोन. बऱ्याच संचांत गट आणि चॅनल असे दोन आकडे असतात. एकाच गटातले चॅनल निवडले की हा हिशेब कंपनीनं आधीच केलेला असतो.

दुसरी गोष्ट, चालू माईक टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवू नका. व्यासपीठावर दोन बुवांच्या मधे तीन चालू माईक एकाच स्टीलच्या ताटात ठेवलेले मी स्वतः पाहिले. ते हातभर लांब केल्यावर अर्धी घरघर गेली, फ्रिक्वेन्सी बदलल्यावर उरलेली. रिसीव्हरही एकावर एक रचून त्यांच्या अँटेना एकमेकींत अडकवू नयेत.

घरातल्या टेबलावरचा असाच प्रकार एका वाक्यात: बिनतारी माऊस अडखळत असेल आणि त्याचा डोंगल यूएसबी ३ च्या हार्डडिस्कला लागून असेल, तर डोंगल एक-दीड हाताच्या यूएसबी वायरीवर लांब काढा; त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो.

सध्याची स्थिती

पाईपखालच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, वर पारदर्शक टेप. त्यावर तिन्ही रेडिओंचे चॅनल, पॉवर, चांगल्या दिवशीचा सिग्नल, चांगल्या दिवशीचा नॉईज, आणि शहराकडच्या टोकाचेही तेच आकडे. पुढं कुणीही पेटी उघडली की त्याला बिघाड झाला नव्हता तेव्हाचं चित्र दिसतं. आम्हाला चार महिने नेमकं तेच मिळत नव्हतं.

मे महिन्यात वळवाच्या पावसात एका संध्याकाळी चार वेळा लाईट गेली-आली. रात्री नऊला मी घरूनच बघितलं: पिंग चार, चॅनल सगळे जागेवर.

गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीत दुसऱ्या एकानं पाईप उभा केला, त्याची डिश चंदगडकडं. त्याचा पहिला रेडिओ चालू झाल्या दिवशीच आमच्या वाडीच्या सेक्टरचा नॉईज सहा डीबीनं वर गेला. मी कागदाचा फोटो घेऊन त्याच्या स्लॅबवर गेलो. त्याच्याही रेडिओवर 'ऑटो'च होतं. दोघांनी मिळून तासभर मोजमाप केलं. त्यानं ४८ घेतला, आमचा ३६ तसाच राहिला. दोन पाईपांमध्ये घरांची एक ओळ आहे, तेवढं अंतर पुरलं. वरच्या पट्ट्यातला १६५ त्याला पुढं सेक्टर लावायला सोडला, म्हणून आमचा १६१ चा सेक्टर आम्ही १५७ वर आणला. त्याच्या पेटीच्या झाकणालाही आता तसाच कागद आहे, आणि दोन्ही कागदांवर दोघांचे फोन नंबर.